मुठीतले घड्याळ

पावो नुर्मी हे नाव आपल्याकडे ऐकू येते ते बहुधा नीरज चोप्रामुळे. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात ‘पावो नुर्मी गेम्स’ भरतात. नीरजने तिथे २०२२मध्ये ८९.३० मीटर भाला फेकून राष्ट्रीय विक्रम केला आणि २०२४मध्ये ती स्पर्धा जिंकली. ज्याच्या नावाने हा मेळा भरतो त्याचा भाल्याशी संबंध नव्हता. तो धावायचा. १९२० ते १९२८ या काळातल्या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून ९ सुवर्ण आणि ३ रौप्यपदके आणि पंधराशे मीटरपासून २० किलोमीटरपर्यंतच्या अंतरांवर २२ अधिकृत विश्वविक्रम, एवढी त्याची कमाई. धावताना त्याच्या मुठीत एक स्टॉपवॉच असे. दर फेरीला तो त्याच्याकडे नजर टाकी आणि पुढे जाई. प्रेक्षकांना ते विचित्र वाटे, प्रतिस्पर्ध्यांना अपमानास्पद.

आज हौशी धावपटूच्याही मनगटावर उपग्रहाशी जोडलेले घड्याळ असते. किलोमीटरला किती मिनिटे लागली, म्हणजे धावणाऱ्यांच्या भाषेत ‘पेस’ काय होता, ते घड्याळ क्षणोक्षणी सांगते. तरीही पहिल्यांदा हाफ मॅरेथॉन किंवा मॅरेथॉनला उतरणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक शंभर वर्षांपूर्वी होती तीच आहे: आपल्याला कोणता वेग झेपेल हे न मोजता, कोणता वेग आवडेल यावरून तो ठरवणे. नुर्मीनेही ही चूक केली होती आणि ती त्याला एका सुवर्णपदकाला पडली.

त्याचा जन्म १३ जून १८९७चा, तुर्कूचा. वडील सुतार. पावो पाच भावंडांत थोरला होता. १९१०मध्ये वडील वारले आणि घर एका खोलीत आले. स्वयंपाकघरही भाड्याने द्यावे लागले. अभ्यासात हुशार असलेल्या पावोने शाळा सोडली आणि एका बेकरीत पोऱ्या म्हणून लागला. मालाने भरलेली हातगाडी तुर्कूच्या चढांवरून ढकलत नेणे हे त्याचे काम. पाय आणि पाठ त्यातच कणखर झाली, असे तो पुढे मानत असे. व्यायामशाळेत पैसे भरून लोक जे करतात ते त्याला पगार घेऊन करावे लागले, तेही वाढीच्या वयात.

१९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्याच हानेस कोलेहमायनेनने लांब पल्ल्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदके जिंकली. फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होता. त्या विजयांनी अख्खा देश हलला आणि पंधरा वर्षांच्या पावोने काही दिवसांतच धावण्याचे पहिले बूट घेतले. पुढे ओतकामाच्या कारखान्यात नोकरी, मग १९१९मध्ये लष्करातली सक्तीची सेवा. तिथे बंदूक, काडतुसांचा पट्टा आणि पाठीवर ओझे घेऊन २० किलोमीटर कूच करायची स्पर्धा होती. इतर चालले, नुर्मी धावला. तो इतका लवकर पोहोचला की त्याने आडवाट धरली असावी असा काहींना संशय आला.

इथवर वेगाचा हिशेब नव्हता, नुसती ताकद होती. सुरुवातीच्या फेऱ्या भयंकर वेगाने मारायच्या, सोबतच्यांना दमवायचे आणि मग टिकून राहायचे, ही त्याची ओळख होती. देशातल्या शर्यतींत ती पुरली. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटरला नाही पुरली. फ्रान्सचा जोसेफ गिय्यमो त्याच्या मागे राहिला आणि शेवटी पुढे निघून गेला. गिय्यमो १४ मिनिटे ५५.६ सेकंद, नुर्मी १५ मिनिटे. या गिय्यमोची फुप्फुसे पहिल्या महायुद्धात विषारी वायूने पोळली होती आणि त्याचे हृदय जन्मतःच छातीत उजव्या बाजूला होते. तेवीस वर्षांच्या धडधाकट नुर्मीला अशा माणसाने हरवावे, हे ताकदीचे काम नव्हते. ऑलिंपिकमध्ये फिनलंडबाहेरच्या धावपटूकडून नुर्मी हरला तो एवढाच एकदा. तीन दिवसांनी दहा हजार मीटरमध्ये त्याने सुरुवातीला घाई केली नाही आणि त्याच गिय्यमोला मागे टाकले. क्रॉस कंट्रीचे वैयक्तिक आणि सांघिक अशी आणखी दोन सुवर्णपदके घेऊन तो परतला.

याच अँटवर्पमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. वेळ सुमारे २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. हा आकडा आज फारसा मोठा वाटणार नाही, पण अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. भागाकार केला तर किलोमीटरला बरोबर चार मिनिटांच्या आतबाहेरचा वेग येतो. आजही हौशी मॅरेथॉनपटूंत चार मिनिटांचा पेस अखेरपर्यंत धरणारे थोडेच. ती शर्यत जिंकली नुर्मीचा आदर्श असलेल्या कोलेहमायनेनने, किलोमीटरमागे साधारण ३ मिनिटे ३४ सेकंदांनी.

अँटवर्पहून परतल्यावर नुर्मीला हेलसिंकीच्या औद्योगिक शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. गणितात त्याला गती होती. १९२३मध्ये तो तिथून अभियंता होऊन बाहेर पडला. मधल्या काळात त्याने स्वतःच्या शर्यतींचेच प्रयोग केले. स्टॉपवॉच हाती आले ते तेव्हा. अमुक अंतराला माझा शेवटचा आकडा काय येऊ शकतो, तो फेऱ्यांवर सारखा वाटला तर एका फेरीला किती सेकंद पडतात, आणि त्या सेकंदांत फेरी संपवली की नाही, एवढेच तो पाहू लागला. पुढे कोण धावतो आहे, मागून कोण येतो आहे, हे प्रश्न त्याने शर्यतीतून जवळजवळ काढून टाकले.

ही गोष्ट कंजूष जमाखर्चासारखी वाटते, पण शरीराचा हिशेब तसाच आहे. शर्यतीच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत कोणताही वेग सोपा वाटतो. स्नायूंची ऑक्सिजनची मागणी धाव सुरू होताच वाढते, पण हृदय आणि फुप्फुसांना तो पुरवठा त्या पातळीवर आणायला वेळ लागतो. तोवर स्नायू ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढण्याच्या आणीबाणीच्या मार्गावर चालतात. धाप उशिरा लागते, कर्ज आधीच झालेले असते. त्यात पाय ताजे, आजूबाजूला गर्दी, अंगात उत्साहाचे अॅड्रेनॅलिन. त्यामुळे पहिल्या किलोमीटरला मन जे सांगते ते सर्वांत कमी विश्वासाचे. प्रत्येकाच्या शरीराची एक मर्यादा असते. त्या वेगाच्या खाली स्नायूंतल्या रासायनिक घडामोडी बराच वेळ तोल राखतात. त्याच्या थोडेसे वर गेले की आम्लता वाढत जाते आणि थकवा वेगाच्या प्रमाणात न वाढता त्याच्या कितीतरी पट वाढतो. म्हणून सुरुवातीला वाचवलेले दहा सेकंद शेवटी मिनिटाने फेडावे लागतात.

योगायोग असा की याच वर्षांत इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल हा शरीरशास्त्रज्ञ नेमके हेच मोजत होता. पाठीवर हवेची पिशवी बांधून हिरवळीवर गोल गोल धावायचे, सोडलेला श्वास तिच्यात जमवायचा आणि किती ऑक्सिजन वापरला ते तपासायचे, असे त्याचे प्रयोग. धावणाऱ्यांत तो स्वतःही असे. वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर ऑक्सिजनचा वापर वाढत नाही, ही कमाल मर्यादा त्याने दाखवून दिली. आजच्या स्मार्ट घड्याळांत ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणून जो आकडा दिसतो त्याचे मूळ तिथे आहे. हिलला स्नायूंवरच्या कामासाठी नोबेल मिळाले. नुर्मीकडे पिशवी नव्हती आणि प्रयोगशाळाही नव्हती. तो घड्याळ आणि पाय यांवरूनच त्या मर्यादेच्या आसपास पोहोचला.

निकाल लगेच दिसले. १९२१मध्ये स्टॉकहोमला दहा हजार मीटरचा विश्वविक्रम, १९२२मध्ये दोन, तीन आणि पाच हजार मीटरचे, १९२३मध्ये पंधराशे मीटर आणि मैलाचे. मैल, पाच हजार आणि दहा हजार हे तीनही विक्रम एकाच वेळी एकाच माणसाकडे असणे त्यानंतर कोणाला जमलेले नाही.

१९२४च्या पॅरिस ऑलिंपिकचे वेळापत्रक आले तेव्हा पंधराशे आणि पाच हजार या दोन्ही अंतिम शर्यती एकाच दिवशी, तासाभराच्याही आत होत्या. दोन्हींत उतरावे की एक सोडावी? ज्याला हा प्रश्न पडतो तो सहसा हिंमतीचे उत्तर देतो किंवा भीतीचे. नुर्मीने तालीम घेतली. १९ जून १९२४ रोजी हेलसिंकीत त्याने आधी पंधराशे मीटर ३ मिनिटे ५२.६ सेकंदांत पार केले. तासाभराने तो पाच हजारला उभा राहिला आणि १४ मिनिटे २८.२ सेकंदांत थांबला. दोन्ही विश्वविक्रम ठरले. विक्रमांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्याच्या हाती आकडा आला: पहिली शर्यत अंगात असताना दुसरीत आपण किती धावू शकतो.

१० जुलैला पॅरिसमध्ये काय झाले ते या आकड्यांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. पंधराशे मीटर ३ मिनिटे ५३.६ सेकंद, म्हणजे तालमीपेक्षा एका सेकंदाने जास्त. पाच हजार १४ मिनिटे ३१.२ सेकंद, तीन सेकंदांनी जास्त. दोन्ही सुवर्ण. नुर्मी दमलेला असणार असे धरून विले रितोला आणि स्वीडनचा एडविन विडे यांनी पाच हजारला पहिल्यापासून वेग चढवला होता. विडे पुढे ढेपाळला. शर्यत आता घड्याळाशी न राहता माणसांशी आहे हे लक्षात येताच नुर्मीने स्टॉपवॉच कडेच्या गवतावर फेकून दिले आणि रितोलाला अखेरपर्यंत मीटरभर मागे ठेवले. फरक ०.२ सेकंदांचा. घड्याळ फेकण्याचा हा प्रसंग नाट्यमय म्हणून सांगितला जातो. पण ते फेकेपर्यंत त्याने जमाखर्च सांभाळला होता, म्हणून शेवटी खर्चायला काही शिल्लक होते.

दोनच दिवसांनी क्रॉस कंट्री होती. पॅरिसमध्ये उष्णतेची लाट, पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि वाट कारखान्याच्या धुराजवळून जाणारी. ३८ जण निघाले, १५ पोहोचले. पोहोचलेल्यांतही आठ जणांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. एक धावपटू स्टेडियममध्ये शिरल्यावर लहान लहान गोल फिरू लागला आणि प्रेक्षकांच्या कठड्याकडे जाऊन आपटला. सुरुवातीला आघाडीवर असलेला विडे वाटेतच बेशुद्ध पडला. तो दवाखान्यात दगावल्याची खोटी बातमीही पसरली. नुर्मी जवळजवळ दीड मिनिटाच्या फरकाने पहिला आला आणि थोडा थकलेला दिसत होता, इतकेच. या दिवसानंतर ऑलिंपिकमधून क्रॉस कंट्री कायमची बाद झाली.

वेगाचा आकडा हवेवरही अवलंबून असतो, हे त्या दिवशी जिवावर बेतून कळले. धावताना स्नायूंत तयार होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता बनतो. ती बाहेर टाकायला हृदयाला त्वचेकडे रक्त पाठवावे लागते, म्हणजे पायांच्या वाट्याचे रक्त कमी होते. त्यातच घामाने रक्तातले पाणी घटते. वेग तोच राहिला तरी नाडी चढत जाते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. थंड पहाटे मिळवलेला पेस उन्हात किंवा दमट हवेत जसाच्या तसा धरायला जाणे म्हणजे नकळत जास्त वेगाने धावणे. अशा दिवशी आकडा सोडून श्वासावर धावावे. दोन वाक्ये सलग बोलता येत नसतील तर लांब शर्यतीच्या पूर्वार्धासाठी तो वेग जास्त आहे. चक्कर, थंडी वाजणे किंवा गोंधळल्यासारखे वाटणे सुरू झाले तर थांबायचे, मग तो कितवाही किलोमीटर असो.

पुढच्या वर्षी अमेरिकेचा दौरा झाला. पाच महिन्यांत ५५ शर्यती, ५१ विजय. शरीर इतके वापरल्याची किंमत नंतर चुकवावी लागली आणि १९२८च्या अॅमस्टरडॅमला उतरलेला नुर्मी दुखऱ्या पायांचा, एकतीस वर्षांचा होता. तिथे दहा हजारचे सुवर्ण, पाच हजार आणि स्टीपलचेसचे रौप्य त्याने मिळवले. स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तो पाण्याच्या खड्ड्यात पडला. फ्रान्सचा ल्युसियँ द्युकेन त्याला उठवायला थांबला. नुर्मीने मग स्वतः वेग धरून द्युकेनला सगळ्यांच्या पुढे आणले आणि फेरीतला पहिला क्रमांक त्याला देऊ केला. द्युकेनने तो नम्रपणे नाकारला. अबोल आणि तुसडा म्हणून ख्यात असलेल्या माणसाने आभार मानले ते असे, पेस धरून.

नुर्मीच्या निरनिराळ्या अंतरांच्या उत्तम वेळा एकाखाली एक मांडल्या की एक चढता जिना दिसतो. पंधराशे मीटरला किलोमीटरमागे २ मिनिटे ३५ सेकंद. पाच हजारला २ मिनिटे ५४. दहा हजारला (१९२४, ३० मिनिटे ६.२ सेकंद) ३ मिनिटे १ सेकंद. १९२८मध्ये बर्लिनला तो एका तासात १९.२१० किलोमीटर धावला, म्हणजे ३ मिनिटे ७. आणि १९३०मध्ये २० किलोमीटर १ तास ४ मिनिटे ३८.४ सेकंदांत, म्हणजे ३ मिनिटे १४. पाय तेच, अंतर वाढेल तसा वेग ठरावीक अंदाजाने उतरत जातो. (शिकागोला २०२३मध्ये केल्विन किप्टमने अख्खी मॅरेथॉन किलोमीटरमागे २ मिनिटे ५२ सेकंदांहूनही कमी वेळात संपवली, म्हणजे नुर्मीच्या पाच हजारच्या विक्रमी वेगापेक्षा जलद. शंभर वर्षांत बूट, वाटा, आहार आणि सराव किती बदलला ते यावरून दिसते.)

हा उतार सूत्रात बसवला तो बऱ्याच नंतर, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याने. त्याचे सार असे: अंतर दुप्पट झाले तर वेळ दुप्पट होऊन वर सव्वाचार टक्के वाढते. नुर्मीच्या पाच हजारच्या विक्रमाला हे सूत्र लावले तर दहा हजारसाठी ३० मिनिटे १० सेकंद येतात. प्रत्यक्षात ३० मिनिटे ६. दहा हजारवरून तासाच्या शर्यतीचा हिशेब केला तर १९.२१० किलोमीटरला ६० मिनिटे ८ सेकंद निघतात. नुर्मीला ६० मिनिटे लागली. सूत्र त्याच्या मागाहून पन्नास वर्षांनी आले, पण तो जणू त्यावरच धावला होता.

साधा धावपटू याच पायरीने आपला आकडा काढू शकतो. दहा किलोमीटर मनापासून धावून ६० मिनिटे लागत असतील तर हाफ मॅरेथॉनचा अंदाज २ तास १२ मिनिटे. हाफ २ तासांत होत असेल तर पूर्ण मॅरेथॉनचा ४ तास १० मिनिटे, चार तास नव्हेत. हे आकडे अलीकडच्या, दोन-तीन महिन्यांतल्या शर्यतीवरूनच काढायचे. तीन वर्षांपूर्वीची वेळ किंवा मित्राची वेळ यात चालत नाही. आणि मॅरेथॉनचा अंदाज हा वरचा टोकाचा आकडा समजावा. तो खरा ठरायला तितका लांबचा सरावही झालेला लागतो. आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर धावणाऱ्याने त्यात पंधरा-वीस मिनिटे घालून निघणे शहाणपणाचे.

ही सावधगिरी का, ते नुर्मीच्याच अखेरच्या मोठ्या शर्यतीत दिसते. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकून थांबायचे असे त्याने ठरवले होते. २६ जून १९३२ रोजी फिनलंडच्या निवड चाचणीत तो पहिल्यांदाच त्या अंतराला उभा राहिला. वाटेत पाण्याचा थेंबही न घेता त्याने ४०.२ किलोमीटर, म्हणजे जुन्या पद्धतीची आखूड मॅरेथॉन, २ तास २२ मिनिटे ३.८ सेकंदांत पार केली. मागच्यावर सहा मिनिटांची आघाडी होती. टाचेमागची अकिलिस शीर दुखत होती आणि निवडीपुरते काम झाले होते, म्हणून तो तिथेच थांबला. किलोमीटरमागे ३ मिनिटे ३२ सेकंद. याच वेगाने पूर्ण अंतर सुमारे २ तास २९ मिनिटांत झाले असते, त्या काळच्या विश्वविक्रमाच्या बरोबरीने.

आता सूत्र काय म्हणते? त्याच्या दहा हजारच्या विक्रमावरून मॅरेथॉनचा अंदाज २ तास १८ मिनिटे निघतो. २० किलोमीटरच्या विक्रमावरून २ तास २२. प्रत्यक्ष वेग २ तास २९चा. ज्या अंतरावरून अंदाज बांधला ते जितके जवळचे, तितका अंदाज खरा, आणि दोन तासांच्या पुढे तोही अपुरा. पस्तिशीतल्या, दुखऱ्या टाचेच्या माणसाचा हा आकडा असला तरी त्यामागे शरीराचे एक सर्वसाधारण कारण आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आसपास. धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनला अडीच हजार. उरलेले चरबीतून यावे लागते आणि चरबी संथपणे जळते. वेग जितका जास्त, तितका साखरेचा वाटा मोठा. दहा किलोमीटरमध्ये हा साठा संपत नाही. मॅरेथॉनमध्ये पूर्वार्धात थोडासा जास्त वेग धरला तरी तो तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत कधीतरी संपतो आणि पाय शिशाचे होतात. धावणारे याला भिंत म्हणतात. ती भिंत तिसाव्या किलोमीटरला लागते, पण बहुतेकदा बांधली जाते ती पहिल्या दहा किलोमीटरांत. म्हणून पहिले चार-पाच किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा पाच-दहा सेकंदांनी हळू गेले तर काही बिघडत नाही. हळू गेल्याने हरलेला वेळ उत्तरार्धात भरून काढता येतो, संपलेली साखर भरून निघत नाही.

लॉस एंजेलिसला नुर्मी पोहोचला, पण धावू शकला नाही. जर्मनीतल्या शर्यतींसाठी प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याचा ठपका ठेवून आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने त्याला एप्रिलमध्येच निलंबित केले होते. शर्यतीच्या तोंडावर ते कायम झाले. ती मॅरेथॉन अर्जेंटिनाच्या हुआन कार्लोस झाबालाने २ तास ३१ मिनिटे ३६ सेकंदांत जिंकली. जूनमध्ये नुर्मीच्या सहा मिनिटे मागे असलेला आर्मास तोइवोनेन तिसरा आला, २ तास ३२ मिनिटे १२ सेकंदांत. नुर्मीच्या मनात ही सल आयुष्यभर राहिली. त्याने धरलेला आकडा फाजील नव्हता, हे त्या दोन वेळांवरून दिसते. सिद्ध करायची संधी मात्र त्याला मिळाली नाही.

नंतर तो बांधकाम व्यवसायात गेला, हेलसिंकीत इमारती उभ्या केल्या, पुरुषांच्या कपड्यांचे दुकान चालवले आणि श्रीमंत झाला. पैशाच्या हिशेबातही तो तसाच चोख होता म्हणतात. १९५२मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक आले तेव्हा मशाल घेऊन स्टेडियममध्ये शिरणारा धावपटू कोण हे गुपित ठेवले होते. पंचावन्न वर्षांचा, डोक्याला टक्कल पडलेला माणूस मैदानात आला. त्याची धावण्याची ढब प्रेक्षकांनी ओळखली आणि स्टेडियम गर्जून उठले. संघांच्या रांगा मोडून खेळाडू त्याला पाहायला धावले.

हृदय मात्र हिशेबाबाहेर गेले. साठीनंतर त्याला हृदयविकाराने गाठले. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली, प्रकृती खालावत गेली. तरुणपणी कितीही धावले तरी पुढच्या वयाचा हृदयविकार टळतोच असे नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने, किंवा ज्याच्या घरात हृदयविकार आहे त्याने, वेगाचा आकडा ठरवण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत दाटून येणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे हे सरावाने जाईल असे मानू नये.

नुर्मीने १९६८मध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांवरील संशोधनाला मदत करण्यासाठी आपल्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले. आपली खेळातली कीर्ती विज्ञानाच्या तुलनेत किरकोळ आहे, असे त्याचे उतारवयातले मत होते. २ ऑक्टोबर १९७३ रोजी हेलसिंकीत तो वारला. फिनलंडने सरकारी इतमामात त्याला निरोप दिला आणि तुर्कूत त्याचे दफन झाले.